कॅम्पर ट्रेलर घाटात नेताना

शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात, सपाट काळ्या रानात वसले आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग. त्यामुळे इथून थंड हवेकडे निघाले की आधी सरळ रस्ता आणि मग एकदम घाट, असाच प्रवास होतो. बुलढाण्याला जायचे तर खामगावहून बोथ्याचा घाट किंवा मोताळ्याहून राजूर घाट लागतो. चिखलदऱ्याला जायचे तर अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा मागे टाकून गाविलगडच्या डोंगरातली चढण लागते. नुसत्या मोटारीला हे रस्ते अवघड नाहीत. मोटारीमागे झोपण्याची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर जोडला की हिशेब बदलतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. तेव्हापासून ट्रेलर घेऊ पाहणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो: आपली गाडी एवढे ओढेल का? प्रश्न योग्य आहे, पण अर्धाच आहे. आजच्या डिझेल गाड्या बरेच ओझे ओढतात. ते ओझे उतारावर रोखून धरता येईल का आणि चढावर मध्येच थांबल्यास जागेवर उभे राहील का, यावर निर्णय ठरवावा.

चढ म्हणजे नेमके किती ओझे

रस्त्याचा चढ ‘१५ला १’ असेल, म्हणजे १५ मीटर अंतरात १ मीटर उंची वाढत असेल, तर एकूण वजनाचा पंधरावा भाग गाडीला सतत मागे खेचत असतो. माणसांसह २,००० किलोची मोटार आणि सामानासह १,००० किलोचा ट्रेलर धरला, तर ही ओढ सुमारे २०० किलोची होते. चढताना ती इंजिनावर येते, उतरताना तेवढीच पुढे ढकलते.

परतवाड्याच्या बाजूने चिखलदऱ्याला जाताना सुमारे ७०० मीटर उंची वाढते. तीन टनांची ही जोडी तेवढी उंची खाली उतरते, तेव्हा साधारण पावणेसहा युनिट विजेइतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडावी लागते. पासष्ट लिटर गार पाणी उकळीला आणायला जवळपास एवढीच उष्णता लागते. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर टाकायची की बरीचशी इंजिनाच्या गिअरने पेलायची, हे चालकाच्या हातात असते.

उंचीचाही परिणाम होतो. टर्बो नसलेले इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावते, म्हणजे चिखलदऱ्याच्या सुमारे १,१०० मीटर उंचीवर दहा टक्क्यांच्या आसपास. टर्बो इंजिनाला हा फरक कमी जाणवतो.

आधी वजन, मग गाडी

ट्रेलर विकणारा सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचे वजन असते. गादी, गॅसची टाकी, भांडी, बॅटरी, तंबू आणि पाणी चढले की आकडा वेगळाच होतो. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ८० लिटरची टाकी भरली की एक धडधाकट माणूस ट्रेलरमध्ये बसवल्यासारखेच झाले. म्हणून:

- सगळे सामान भरून ट्रेलर एकदा भुईकाट्यावर तोलावा. कापसाच्या आणि धान्याच्या या पट्ट्यात बाजार समित्या आणि जिनिंगजवळ भुईकाटे सहज मिळतात. मोटार काट्याबाहेर ठेवून ट्रेलरचे वजन घ्यावे, मग माणसांसह दोन्हींचे एकत्र.
- गाडीच्या माहितीपुस्तकात ओढण्याच्या वजनाची मर्यादा पाहावी. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ती वेगळी असते.
- पुस्तकात आकडाच नसेल, तर त्याला परवानगी समजू नये. उत्पादकाकडून लेखी उत्तर घ्यावे.
- मर्यादेच्या अगदी काठावर घाटात जाऊ नये. सपाट रस्त्यावर चालून गेलेले वजन मे महिन्याच्या उन्हात, चढावर आणि वळणावर जड होते.

ट्रेलरच्या वजनानुसार भारतात वर्ग ठरवलेले आहेत. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर ‘टी-१’, त्यावर ३.५ टनांपर्यंत ‘टी-२’. हलक्या ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे त्याचे सगळे ओझे मोटारीच्या ब्रेकवर येते. घाटातल्या प्रवासासाठी ट्रेलर घेणाऱ्यांनी तो लहान असला तरी ब्रेक असलेलाच निवडणे शहाणपणाचे.

उलाळ आणि धुरजड

बैलगाडी भरणाऱ्याला ओझ्याची मांडणी शिकवावी लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. भार पुढे आला की ती धुरजड होते आणि बैल दबतात. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या दांडीचा काही भार मोटारीमागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर पडलाच पाहिजे, पण फार नको.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार दांडीवर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. गाडीच्या पुस्तकात कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. ९०० किलोच्या ट्रेलरला हा भार ४५ ते ९० किलो होतो. तो घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो: सपाट जागी चाकांना अडण लावून काट्यावर लाकडी ठोकळा उभा करावा, दांडीचे टोक त्यावर टेकवावे आणि ते हिचच्या उंचीला आले की आकडा वाचावा.

चढावर ओझे आपोआप मागे झुकते. सपाटीवर जेमतेम तोल साधलेला ट्रेलर घाटात उलाळ होतो, मोटारीची मागची चाके हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. यासाठी जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि तळाशी ठेवाव्यात. पाण्याची टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, कारण अर्ध्या टाकीतले पाणी प्रत्येक वळणावर हेलकावते. पिण्यापुरते पाणी मोटारीत घेऊन टाकी वर पोहोचल्यावर भरणे सर्वांत सोपे.

जोडणी तपासताना

- हिचचा गोळा आणि त्यावर बसणारा दांडीचा कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिलिमीटर आणि २ इंच ही मापे डोळ्यांना सारखी दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. कपलर नीट बसल्याचे दिसते आणि खड्ड्यात तो उसळून निघतो. दोन्हींवर कोरलेले माप वाचूनच जोडावे.
- हिच गाडीच्या चासीला बसवलेली असावी. बंपरला वेल्डिंग केलेला हूक बंद पडलेली गाडी दोरीने ओढण्यापुरताही धड नसतो.
- जोडल्यावर उचलून पाहावे. दांडीच्या जॅकने मोटारीची मागची बाजू दोन-तीन इंच उचलली गेली आणि कपलर सुटला नाही, तर पकड पक्की आहे.
- दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या घालाव्यात. कपलर सुटला तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलर सुटल्यास त्याचा ब्रेक ओढणारी तार असेल तर ती साखळीपासून वेगळ्या जागी अडकवावी.
- दिवे. मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि दोन्ही इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावेत.
- टायर. ट्रेलर वर्षभर उभाच असतो; त्याचे टायर झिजत नाहीत, तडकतात. टायरच्या कडेवरच्या चार अंकांतून वय कळते: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी.

कागदपत्रे आणि हक्क

मोटार वाहन कायदा, १९८८नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते आणि त्याला नंबरपाटी लागते. शेगावकरांसाठी हे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात होते. एमएच-२८ ही मालिका तिथलीच. नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- मान्यताप्राप्त नसलेला, वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला ट्रेलर विकत घेणे. नोंदणी होईल का, हे पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.
- शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीवर तंबू बसवून ती पर्यटनाला नेणे. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.
- मोटारीच्या विम्यात ट्रेलर आपोआप येतो असे धरणे. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ट्रेलरचा उल्लेख पॉलिसीत करून घ्यावा आणि घाटात ओढून नेण्यास संरक्षण आहे का, याचे उत्तर लेखी मागावे.
- मोटारीत असा बदल करणे, की ती नोंदणीतल्या तपशिलांशी जुळत नाही. कायद्याच्या कलम ५२ने त्यावर बंधने आहेत.

नाक्यावर नोंदणी, विमा आणि परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून दाखवण्याचा हक्क वाहनचालकांना आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर असे कागद मूळ कागदांसारखेच ग्राह्य आहेत. मात्र घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून ते आधी उतरवून ठेवावेत. अधिकाऱ्याने मूळ कागद ताब्यात घेतले, तर पोचपावती मागावी. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र कोणालाही बसवू नये; मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

रस्ता निवडताना

परतवाड्याहून चिखलदऱ्याला दोन बाजूंनी चढता येते. धामणगाव गढीमार्गे रस्ता जवळचा, घटांगमार्गे लांबचा. नकाशातले किलोमीटर पाहून ट्रेलरवाल्यांनी निवड करू नये. रस्त्याची रुंदी, कठड्यांची अवस्था, चालू असलेली कामे आणि दरडी यांवर निवड ठरते, आणि ती दर पावसाळ्यानंतर बदलू शकते.

- पहिल्यांदा ट्रेलरशिवाय एकदा वर जाऊन यावे. कुठे थांबता येईल, कुठे वळवता येईल आणि कोणते वळण एका दमात घेता येणार नाही, हे लिहून ठेवावे.
- ट्रेलरची पहिली चढाई लांबच्या घाटात करू नये. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट छोटा आणि घराजवळचा; गाडी किती तापते आणि ब्रेक कसा लागतो, हे तिथेच कळते.
- बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तर चिखलदऱ्याचा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. जंगलातल्या नाक्यांवर रात्रीच्या वाहतुकीला वेळेचे बंधन असू शकते. निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करावी आणि घाट दिवसाउजेडीच चढावा.
- उन्हाळ्यात शेगावहून पहाटे निघून उन्हे तापण्याआधी पायथा गाठावा. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात दहा-पंधरा मीटरपलीकडचे दिसत नाही. तेव्हा ट्रेलर न नेलेलाच बरा.

चढताना

पायथ्याशी दहा मिनिटे थांबावे. चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक हे कारण असते. तो दोष घाटाआधीच काढावा.

- चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. गाडी दमल्यावर गिअर बदलला की वेग तुटतो आणि ट्रेलर मागे ओढतो.
- ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा ट्रेलर ओढण्याचा मोड वापरावा, नाहीतर गिअरबॉक्स सारखा वरखाली होऊन तापतो.
- तापमानाचा काटा वर सरकू लागला की आधी वातानुकूलन बंद करावे. तरी थांबला नाही तर रुंद जागी बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ चालूच ठेवावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.
- मागे वाहनांची रांग लागली तर मोकळ्या जागी थांबून त्यांना जाऊ द्यावे.

अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला पहिला मान असतो. उतरणाऱ्याने बाजूला थांबून वाट द्यावी, असे वाहनचालनाचे केंद्रीय नियम सांगतात. हक्क आहे म्हणून समोरच्या भरलेल्या ट्रकपुढे तो गाजवू नये. त्याचे ब्रेक तापलेले असतील, तर त्यालाही थांबता येणार नाही.

वळणावर ट्रेलर आतून कापतो

मोटारीची चाके ज्या रेषेने जातात, त्याच्या आतल्या बाजूने ट्रेलरची चाके जातात. म्हणून दोन्ही बाजूंच्या वळणांचा धोका वेगळा आहे.

- डावीकडचे वळण: वाट आतली आणि आखूड. ट्रेलरचे डावे चाक नालीत किंवा कठड्यावर जाते. मोटार थोडी पुढे नेऊन उशिरा वळवावी आणि डाव्या आरशात ट्रेलरचे चाक पाहत राहावे.
- उजवीकडचे वळण: वाट बाहेरची आणि रुंद. इथे ट्रेलर मधली रेषा ओलांडून समोरून येणाऱ्याच्या वाटेत जातो. शक्य तितके डावीकडून घ्यावे.

आंधळ्या वळणावर आधी हॉर्न, मग कान, मग गाडी. समोरून एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबावे. एसटीचालकाला तो घाट पाठ असतो. तो निघून जाईपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

चढावर थांबावे लागले तर

बहुतेक साध्या ट्रेलरना ‘ओव्हररन’ ब्रेक असतो. मोटार हळू झाली की ट्रेलर दांडीवर दाब देतो आणि त्या दाबाने त्याचा ब्रेक लागतो. हा ब्रेक पुढे जाताना काम करतो. चढावर गाडी मागे घसरू लागली की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे क्रम चुकवू नये:

१. पायाचा ब्रेक दाबून धरावा, मोटारीचा हँडब्रेक ओढावा, धोक्याचे दिवे लावावेत.
२. सोबतच्या माणसाने बाजूने उतरून ट्रेलरच्या दोन्ही चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत. ट्रेलरच्या मागे कोणीही उभे राहू नये.
३. ट्रेलरचा स्वतःचा हँडब्रेक ओढावा.
४. मगच पायाचा ब्रेक हळूहळू सोडून पाहावा.

ठोकळे घरूनच न्यावेत, दोरी बांधून. पुन्हा निघताना गाडी थोडी पुढे सरकली की सोबत्याने दोरी ओढून ते उचलायचे. वाकून चाकाजवळ हात घालायचा नाही. निघताना गाडी क्लचवर तोलून धरली की मिनिटभरात जळका वास येतो. हँडब्रेकवर उभी करून, इंजिनाची ओढ जाणवल्यावरच तो सोडावा. चढावर ट्रेलर मोटारीपासून सोडवू नये, पंक्चर काढण्यासाठीही नाही.

अपघात झाल्यास ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीला मदत करणाऱ्याला चौकशीचा त्रास होऊ नये यासाठी २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे. हात पुढे करताना कचरू नये.

मुक्काम

जंगलात वाटेल तिथे ट्रेलर लावून राहता येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर विनापरवाना थांबणेही गुन्हा ठरू शकते. चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि खासगी हॉटेले आहेत. आरक्षण करताना तीन गोष्टी विचाराव्यात: ट्रेलर वळवायला जागा आहे का, विजेची जोडणी मिळेल का, आणि फाटकापर्यंतचा रस्ता किती चढाचा आहे.

हे जमणार नसेल तर ट्रेलर परतवाड्यात सुरक्षित जागी ठेवून मोटारीने वर जावे, किंवा ट्रेलरऐवजी छतावरचा तंबू अथवा भाड्याची मोटार-कॅरॅव्हॅन घ्यावी. या दोन्हींत ओढण्याचा प्रश्नच उरत नाही.

उतरताना

- ज्या गिअरमध्ये चढण चढली, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. गिअर उताराआधीच टाकावा.
- ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. वेग वाढला की ठामपणे दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा. मधल्या वेळात ब्रेकला हवा लागते.
- डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल किंवा इंजिन बंद, हे दोन्ही वर्ज्य. इंजिन बंद पडले की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.
- ब्रेकचा पेडल मऊ लागला किंवा जळका वास आला, तर पहिल्या मोकळ्या जागी थांबून अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये.
- ओव्हररन ब्रेक उतारावर सतत थोडा लागलेला राहतो. म्हणून उतरताना ट्रेलरची चाकेही मध्येच तपासावीत.

ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागला, तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. जोरात ब्रेक मारला किंवा डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवले की डोल वाढतो. वेग कमी करून थांबावे आणि सामान पाहावे. बहुतेक वेळा मागे सरकलेले ओझे हेच कारण सापडते.

पायथ्याशी पोहोचल्यावर पुन्हा दहा मिनिटांचा थांबा घ्यावा. साखळ्या, कपलर, टायर आणि चाकांची उष्णता पाहून मगच परतवाड्याहून अंजनगावच्या सपाट रस्त्याला लागावे.